काळोख्या रात्रीचें गाणें
(नभोवाणीवरील भाषण)



१९७७ सालच्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेंतून दोन अवकाशयानें सोडण्यांत आलीं. व्हॉयेजर हें त्यांचें नांव. गुरु, शनि इत्यादि ग्रहांचें दर्शन घेऊन हीं यानें सूर्यमालेबाहेर जावयाचीं आणि पुन्हां कधींहि परत यावयाचीं नाहींत, हें प्रथमपासूनच ठरलेलें होतें. म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसविण्यांत आली. पुढेंमागें, लाखों वर्षांनीं कां होईना, कोणा परक्या जिवाच्या हातीं ती लागली, तर पृथ्वीवर माणूस नांवाचा एक प्राणी होता आणि तो गात होता, एवढें त्याला कळावें, हा हेतु. या तबकडीवर ५५ भाषांतील अभिवादनें आहेत. त्यांत आपल्या मराठीचाहि समावेश आहे. शिवाय जगांतील निरनिराळ्या देशांच्या संगीताचे २७ नमुने आहेत.

त्यांपैकीं पंचविसावें गाणें गोव्यांतील केरी गांवच्या, खांसाहेब अल्लादियाखां यांच्या शिष्या सुरश्री केसरबाई केरकर यांचें आहे. ‘जात कहां हो’ ही ती भैरवी. आपणांपैकीं पुष्कळांना ही गोष्ट माहीत असेल आणि तिचा अभिमानहि वाटत असेल. परंतु केसरबाईंची भैरवी संपल्यावर त्या तबकडीवर पुढें काय वाजतें, हें मीं ज्यांना ज्यांना विचारलें, त्यांपैकीं एकालाहि सांगतां आलें नाहीं. खरें सांगावयाचें तर मलाहि तें पुष्कळ दिवस ठाऊक नव्हतें. आपल्या माणसाला मानाची जागा मिळाली एवढ्यानेंच आपण तृप्त होतों. पंक्तीला शेजारीं कोण बसला आहे, याची चौकशी करण्याचें आपणांस सुचत नाहीं.

आजच्या माझ्या भाषणाचा विषय हा पंक्तीचा शेजारी आहे. त्याचें नांव ब्लाइंड विली जॉन्सन. म्हणजे आंधळा विली जॉन्सन. त्याचा जन्म १८९७ सालीं अमेरिकेच्या टेक्सस राज्यांत झाला. केसरबाईंहून तो पांच वर्षांनीं लहान. कापसाच्या शेतांनीं वेढलेल्या मार्लिन नांवाच्या एका लहानशा शहरांत तो वाढला. तो कृष्णवर्णी होता. टेक्ससमधील गुलामांना आपण मुक्त झाल्याची वार्ता १९ जून १८६५ रोजीं कळली; म्हणजे जॉन्सन जन्मला त्या वेळीं त्या गोष्टीला सुमारें बत्तीस वर्षें झालीं होतीं. कायद्यानें गुलामगिरी गेली होती. पण शेत गोऱ्या मालकाचें, बीं-बियाणें त्याचें, हिशेबाची वहीहि त्याचीच, आणि कष्ट मात्र काळ्या कुळाचे, अशी ती व्यवस्था होती. आगगाडींत बसावयाचे डबे निराळे, शाळा निराळ्या, देवळें निराळीं, आणि स्मशानेंहि निराळीं.

आई लहानपणींच वारली. बापानें दुसरें लग्न केलें. मुलाला गाण्याची आवड दिसली, तेव्हां बापानें सिगारच्या रिकाम्या खोक्याला तारा लावून त्याला एक गिटार करून दिली, असें सांगतात. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, मूल सहा-सात वर्षांचें असेल नसेल, तों त्याची दृष्टि गेली. ती कशी गेली याची हकीकत जॉन्सनच्या विधवा पत्नीनें, अँजेलिन हिनें, पुढें सांगितली आहे. घरांत नवराबायकोचें भांडण झालें; आणि त्या भांडणाच्या रागांत सावत्र आईनें कपडे धुण्याचें दाहक क्षाराचें पाणी फेंकलें, तें मुलाच्या डोळ्यांत गेलें. जॉन्सनच्या आयुष्यांतील बऱ्याच गोष्टी अशा एका कोणाच्या तरी आठवणीवरच उभ्या आहेत. गरिबाच्या घरीं कागदपत्र राहत नाहींत. जें राहतें, तें सांगणाऱ्याबरोबर जातें.

कापूस वेंचण्याच्या कामीं आंधळा निरुपयोगी. मग अशा मुलानें करावयाचें काय? त्या काळीं त्या प्रदेशांत आंधळ्या कृष्णवर्णी माणसाला पोट भरण्याचे दोनच राजमार्ग होते: रस्त्यावर गाणें, किंवा देवळांत उपदेश करणें. जॉन्सननें दोन्ही पत्करले. शनिवार हा शेतकऱ्यांचा बाजाराचा दिवस. त्या दिवशीं बाप त्याला जवळपासच्या गांवीं रस्त्याच्या कोपऱ्यावर नेऊन उभा करी आणि आपण कामाला निघून जाई. दिवस मावळेपर्यंत मुलानें गावें, येणाऱ्याजाणाऱ्यानें पैसा टाकावा. जॉन्सनचें एकच छायाचित्र आज उपलब्ध आहे. त्यांत गिटारच्या मानेला पत्र्याचा एक पेला अडकविलेला दिसतो. आंधळ्याला पैसा पडल्याचें कळावयाचें तें आवाजावरूनच. तेव्हां तो पेला असा कानाजवळ असणें सोयीचें होतें. मला तें चित्र पाहतांना नेहमीं वाटतें कीं, या माणसाच्या गाण्याला साथ करणारें पहिलें वाद्य म्हणजे तो पेलाच होय; आणि पुष्कळ वेळां तें वाद्य मुकें राहिलें असलें पाहिजे.

त्या दिवसांत असा आंधळा गायक हा एकटा नव्हता. ब्लाइंड लेमन जेफरसन हा त्याच टेक्ससचा; ब्लाइंड ब्लेक, ब्लाइंड विली मॅक्टेल हे पूर्वेकडचे. ग्रामोफोन कंपन्या आंधळा हें विशेषण त्यांच्या नांवामागें बिरुदासारखें छापीत. मार्लिनमध्यें एका रस्त्यावर लेमन व दुसऱ्यावर जॉन्सन असे दोघे गात उभे असत, अशीहि एक आठवण सांगितली जाते. पण या दोघांत एक मोठा भेद होता, आणि तो समजून घेण्यासाठीं ब्लूज म्हणजे काय हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे.

ब्लूज हें अमेरिकेंतील कृष्णवर्णी लोकांचें, मुख्यत्वें दक्षिणेंतील शेतमजुरांमध्यें वाढलेलें गाणें. त्याची नेहमींची बांधणी अगदीं साधी. तीन ओळींचें एक कडवें; पहिली ओळ म्हणावयाची, तीच दुसऱ्यानें म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळींत तिचा निकाल लावावयाचा. सगळें मिळून बारा मात्रासमूहांचें एक आवर्तन, आणि तें फिरून फिरून यावयाचें. प्रत्येक ओळीनंतर गळा थोडा थांबतो आणि त्या रिकाम्या जागेंत वाद्य उत्तर देतें. स्वरांचें म्हणाल तर यांतील गंधार व निषाद धड शुद्धहि नसतात व धड कोमलहि नसतात. त्यांच्यामध्यें कोठें तरी तो स्वर हेलकावे खात असतो. पियानोच्या पट्ट्यांत तो सांपडत नाहीं, म्हणून पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या कानांना तो प्रथम बेसूर वाटला. आपल्या श्रोत्यांना त्याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. श्रुति व आंदोलन या गोष्टी आपल्या अंगवळणीं पडलेल्या आहेत. अर्थात् एवढ्यावरून ब्लूजचें व आपल्या रागसंगीताचें कांहीं नातें आहे असें मात्र कोणीं समजूं नये. दोन नद्या दोन डोंगरांतून निघाल्या आणि दोघींनाहि वळणें पडलीं, इतकेंच.

आतां तो भेद. ब्लूजचा विषय ऐहिक: निघून गेलेली बायको, न मिळालेली मजुरी, दारू, तुरुंग, पूर, आगगाडी. देवळांत जाणारे सोज्ज्वळ लोक या गाण्याला सैतानाचें गाणें म्हणत. लेमन जेफरसन हें गाणें गाई. जॉन्सननें मात्र जन्मभर देवाचींच गाणीं गाइलीं. त्याचीं जीं तीस गाणीं आज उपलब्ध आहेत त्यांत एकहि ऐहिक नाहीं. मग त्याला ब्लूजचा गायक कां म्हणावयाचें? तर त्याच्या गिटारमुळें. शब्द देवळांतले, पण हातांतली तार ब्लूजच्या रस्त्यावरची. भजन म्हणावें आणि त्याला तमाशाच्या ढोलकीचा ठेका धरावा, असा कांहींसा तो प्रकार. धर्मशील मंडळींना तें कसें वाटलें असेल तें असो. ऐकणारा मात्र रस्त्यांत थबकून उभा राही.

गिटार तो वाजवीतहि विशेष रीतीनें. साध्या पद्धतींत डाव्या हाताचीं बोटें पडद्यांवर दाबून स्वर काढतात. जॉन्सन सगळ्या तारा एका स्वरमेळांत मिळवून घेई, आणि बोटांऐवजीं एक कठीण गुळगुळीत वस्तु तारेवरून सरकवीत नेई. ही वस्तु खिशांतला चाकू होता असें बहुतेक सांगतात. धातूचें कडें होतें असेंहि कोणी म्हणतात. आपल्याकडे विचित्र वीणेवर कांचेचा गोळा फिरवितात, त्याची येथें आठवण होईल. पडद्यांचा अडसर नाहींसा झाला कीं, तार गळ्यासारखी बोलूं लागते; मींड घेते, कण घेते, रडते, हुंकार देते. आणि हें चालू असतां उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारेवर एकसारखा ठोका देत असतो, जणूं कोणी पाय आपटीत चालला आहे. पुष्कळ वेळां जॉन्सन गातां गातां ओळ अर्धीच सोडतो आणि उरलेले शब्द तारेकडून म्हणवितो. ऐकणाऱ्याला ती ओळ पाठ असल्यामुळें तार बोलते तें त्याला समजतें. शब्द गळ्यानें म्हटला काय किंवा तारेनें म्हटला काय, त्या दोहोंत त्याला भेदच वाटत नसावा.

गळाहि त्याचा दुहेरी होता. मूळचा आवाज मोकळा, गोड. पण रस्त्यावर गाड्याघोड्यांच्या गलबल्यांत तो ऐकूं कसा जाणार? म्हणून तो मुद्दाम घसा आवळून एक खरखरीत, घोगरा, गर्जनेसारखा आवाज काढी. दक्षिणेंतील उपदेशक प्रवचनाच्या ऐन रंगांत असा आवाज लावीत. प्रथम ऐकणाऱ्याला तो कर्कश वाटतो. मीं पहिल्यानें ऐकला तेव्हां दोन मिनिटांत यंत्र बंद केलें होतें, हें मला कबूल केलें पाहिजे. मग एके दिवशीं त्या खरखरीच्या खालून एक कोवळा स्त्रीस्वर वाहत असल्याचें ध्यानांत आलें. त्याची पहिली पत्नी विली बी. हॅरिस हिचा तो आवाज. नवऱ्याची गर्जना आणि बायकोचें शांत अनुमोदन, असा तो संवाद आहे. तो एकदां कानांत बसला, म्हणजे कर्कशपणा उरत नाहीं. उरते ती तळमळ.

३ डिसेंबर १९२७ हा दिवस या हकीकतींत महत्त्वाचा. कोलंबिया ग्रामोफोन कंपनीचे लोक फ्रँक वॉकर यांच्या देखरेखीखालीं आपलीं यंत्रें घेऊन टेक्ससमधील डॅलस शहरीं आले होते. दोन वर्षांपूर्वीं, १९२५ सालीं, ध्वनिमुद्रणांत विजेचा उपयोग सुरू झाला होता. त्यामुळें कर्ण्यांत ओरडण्याची जरूर उरली नव्हती. मायक्रोफोनपुढें तारेचा बारीक कणसुद्धां टिपला जाई. कृष्णवर्णी गिऱ्हाइकांसाठीं कंपनीची तबकड्यांची निराळी मालिका असे. आगगाडीच्या डब्याप्रमाणें गाण्याचाहि डबा वेगळा! त्या दिवशीं जॉन्सननें सहा गाणीं दिलीं. पुढें १९२८ च्या डिसेंबरांत डॅलसलाच चार, १९२९ च्या डिसेंबरांत न्यू ऑर्लिन्स येथें दहा, आणि १९३० च्या एप्रिलांत अटलांटा येथें दहा. एकूण तीस. त्याच्या आयुष्याच्या अठ्ठेचाळीस वर्षांपैकीं आपल्या कानीं येतात ते हे मोजके दिवस.

पहिल्या दिवशींच्या सहा गाण्यांत एक असें होतें कीं, ज्याला शब्दच नव्हते. ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’ हें त्याचें नांव. रात्र काळोखी होती, धरणी गार होती, असा त्याचा अर्थ. मूळ अठराव्या शतकांतील एक इंग्रजी भजन. ख्रिस्ताला क्रूसावर चढविण्याच्या आदल्या रात्रीं गेथशेमाने नांवाच्या बागेंत तो एकटा प्रार्थना करीत होता, त्या प्रसंगाचें. शिष्य झोंपीं गेले आहेत, पकडावयास येणारे वाटेवर आहेत, अशी ती रात्र. दक्षिणेंतील कृष्णवर्णी लोकांच्या देवळांत हीं जुनीं भजनें म्हणण्याची एक पद्धति होती. बहुतेकांना अक्षरओळख नसे, पुस्तकें नसत. म्हणून पुढारी एक ओळ म्हणून दाखवी आणि मग सारा समाज तीच ओळ संथपणें, स्वर लांबवीत, कण्हल्यासारखी म्हणे. शब्द विरघळून जात व नुसता स्वरांचा ओघ राही.

जॉन्सननें ग्रामोफोनपुढें बसून हा सगळा समाज एकट्यानें उभा केला. गिटार पुढाऱ्याप्रमाणें ओळ म्हणते आणि त्याचा गळा मागून हुंकारतो. कधीं गळा पुढें जातो आणि तार त्याचा माग काढीत येते. आपण त्याचा थोडा भाग ऐकूं या.

(येथें ध्वनिमुद्रिकेचा कांहीं भाग ऐकविण्यांत आला.)

ऐकलेंत ना? जो घोगरा आवाज मीं मघाशीं वर्णिला तो येथें कोठेंच नाहीं. अंगठ्याचा तो चालता ठोकाहि नाहीं. ताल जवळजवळ सुटलेलाच आहे. आलापीला बसलेला गवई जसा एका स्वरापाशीं थांबतो, त्याच्याभोंवतीं फिरतो आणि मग त्याला टेंकतो, तसा हा स्वराला टेंकतो आहे. ‘अ’कार नाहीं, तोंड मिटून घशांतल्या घशांत चाललेलें गुणगुणणें आहे. दुःख मोठें झालें म्हणजे माणूस प्रथम बोलतो, मग ओरडतो, आणि शेवटीं हुंकारतो. जॉन्सन आरंभच शेवटापासून करतो. शब्द ठाऊक नव्हते म्हणून त्यानें गाळले असें नव्हे. जें भजन सगळ्या समाजाला पाठ आहे त्याचे शब्द उच्चारण्याची त्याला जरूर वाटली नाहीं. त्याच्या गिऱ्हाइकांना ते आपोआप ऐकूं येत होते. आपणांस ते ऐकूं येत नाहींत. आणि तरीहि आपण अस्वस्थ होतों, हा त्या स्वरांचा पराक्रम आहे.

तथापि जॉन्सन हा केवळ शोकाचा गायक होता अशी आपली समजूत होऊं नये. त्याचें कान जगाकडे उघडे होते. १९१२ सालीं टायटॅनिक जहाज बुडालें. त्यावर त्याचें गाणें आहे. पहिल्या महायुद्धावर आहे. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझावर आहे. आपल्याकडे जुन्या माणसांनीं जिला मानमोडीची साथ म्हटलें, तीच ही. मुंबई इलाख्यांतहि तिनें लाखों माणसें नेलीं. श्रीमंत व गरीब यांत या रोगानें भेद केला नाहीं, वैद्यांचें कांहीं चाललें नाहीं, शाळांना कुलुपें लागलीं, असें तो त्या गाण्यांत सांगतो. ज्याला वर्तमानपत्र वाचतां येत नव्हतें, त्यानें रस्त्यावरील वर्तमानपत्राचें काम केलें. त्याच्या दुसऱ्या एका गाण्यांत बायबलांतील बलाढ्य समसोनाची कथा आहे. शत्रूंनीं त्याचे डोळे काढले, आणि त्या आंधळ्यानें खांब हलवून शत्रूंचें मंदिर त्यांच्याच डोक्यावर पाडलें. न्यू ऑर्लिन्सच्या जकातीच्या कचेरीसमोर जॉन्सन हें गाणें आवेशानें म्हणूं लागला, तेव्हां हा माणूस खरोखरच इमारत पाडावयास सांगतो आहे अशा समजुतीनें पोलिसांनीं त्याला पकडलें, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, आंधळ्या गायकानें आंधळ्या वीराची कथा निवडावी यांतील मर्म त्या पोलिसाला कळलें, असें म्हणावें लागेल!

१९२९ सालीं अमेरिकेंत आर्थिक मंदी आली. पाऊण डॉलर देऊन तबकडी विकत घेण्याची ऐपत सर्वांत आधीं गेली ती जॉन्सनच्या गिऱ्हाइकांची. १९३० नंतर कोणीहि त्याला मायक्रोफोनपुढें बसविलें नाहीं. ज्या गाण्यांच्या तबकड्या हजारोंनीं खपल्या होत्या, त्यांचा गायक पुन्हां रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहिला. यानंतर पंधरा वर्षें तो जगला आणि गाइला. पण त्या पंधरा वर्षांतला एक स्वरहि आपल्याकडे नाहीं. शेवटीं तो टेक्ससमधील बोमाँट या शहरीं राहत होता. तेथें आपल्या राहत्या घरींच त्यानें एक प्रार्थनागृह चालविलें होतें. शहराच्या नोंदींत त्याच्या नांवामागें रेव्हरंड ही पदवी आहे. म्हणजे पदरीं पैसा नसला तरी मान होता, चार माणसें त्याचा उपदेश ऐकत होतीं. ही गोष्ट मीं मुद्दाम सांगतों. दरिद्री कलावंताची कथा सांगतांना त्याला अगदींच भिकारी करून टाकण्याचा मोह आपणांस होतो. त्यानें आपले डोळे अधिक ओले होतात, पण त्या माणसाची उंची कमी होते.

१९४५ सालीं या घराला आग लागली. पुढची हकीकत अँजेलिननें सांगितलेली आहे. आग विझविली गेली, पण घरांत सर्वत्र पाणी झालें. दुसरीकडे जावयास जागा नव्हती. म्हणून त्या रात्रीं दोघें त्या जळक्या घरांतच, भिजलेल्या बिछान्यावर वर्तमानपत्रें पसरून निजलीं. जॉन्सनला ताप आला. ती त्याला रुग्णालयांत घेऊन गेली. तेथें त्याला घेतलें नाहीं. तो आंधळा म्हणून घेतलें नाहीं, असें ती सांगे. १८ सप्टेंबर १९४५ रोजीं तो वारला. मृत्यूच्या सरकारी नोंदींत कारण हिंवतापाचें दिलेलें आहे, आणि त्याच्या जोडीला उपदंश व आंधळेपणा हीं सहायक कारणें म्हणून लिहिलीं आहेत. पत्नी सांगते तें खरें कीं कागद सांगतो तें खरें? माझ्या मतें दोन्हींत मुळीं विरोधच नाहीं. ताप कोणता होता तें कागदानें सांगितलें. उपचार कां झाला नाहीं तें पत्नीनें सांगितलें. आंधळेपणानें माणूस मरतो असें मात्र आजवर मीं कोठें वाचलेलें नव्हतें. पण त्या नोंदींतील ती विचित्र ओळ वाचल्यावर मनांत येतें कीं, कारकुनानें न समजतां एक सत्यच लिहून ठेविलें आहे. आंधळा, काळा आणि गरीब असणें, हें त्या काळीं त्या ठिकाणीं मरणाचें सहायक कारणच होतें.

त्याला जेथें पुरलें त्या स्मशानांत त्याच्या नांवाचा दगडहि नव्हता. कित्येक वर्षें तर त्याच्या मरणाचें सालच लोक चुकीचें सांगत. पण तबकड्या राहिल्या होत्या. १९५२ सालीं हॅरी स्मिथ यांनीं जुन्या अमेरिकन लोकगीतांचा जो ध्वनिसंग्रह प्रसिद्ध केला, त्यांत जॉन्सनचें एक गाणें आलें. त्यानंतर सॅम्युएल चार्टर्स या संशोधकानें बोमाँटला जाऊन अँजेलिनला शोधून काढलें आणि तिच्या तोंडून ही सगळी कथा लिहून घेतली. १९६४ सालीं इटलीचे दिग्दर्शक पासोलिनी यांनीं ख्रिस्तचरित्रावरील आपल्या चित्रपटांत हेंच काळोख्या रात्रीचें गाणें योजिलें. आणि १९७७ सालीं, कार्ल सेगन यांच्या मंडळानें पृथ्वीच्या वतीनें कोणतें संगीत पाठवावें याचा विचार केला, तेव्हां त्यांत तें घेतलें गेलें. रात्र पडत आहे आणि डोकें टेंकावयास जागा नाहीं, ही अवस्था माणूस पृथ्वीवर आला तेव्हांपासून त्याच्या वाट्याला आलेली आहे. या गाण्यांत तीच आहे, अशा आशयाचें लिहिलें गेलें आहे. त्याच्या नांवाची स्मारकशिला बोमाँटच्या स्मशानांत बसली, ती मात्र २०१० सालीं. म्हणजे ताऱ्यांकडे जाणाऱ्या यानावर त्याला जागा मिळाली, त्यानंतर तेहतीस वर्षांनीं त्याला आपल्या गांवच्या मातींत नांव मिळालें.

या गोष्टीवरून आपण काय बोध घ्यावा? देवाच्या दरबारीं शेवटीं न्याय होतोच, असें म्हणून समाधान मानणारे सज्जन पुष्कळ आहेत. मला तें समाधान पटत नाहीं. व्हॉयेजरवर त्याचें गाणें गेलें यानें त्या ओल्या बिछान्यावरची रात्र कोरडी होत नाहीं. मेल्यावर गौरव करणें ही जगांतील सर्वांत स्वस्त गोष्ट आहे; तिला ना घर बांधून द्यावें लागतें, ना रुग्णालयाचें दार उघडावें लागतें. पाऊण डॉलरच्या तबकडीवर ज्यांनीं नफा मिळविला त्यांना, आणि त्याचे सूर ऐकून ज्यांनीं डोळे पुसले त्यांना, एका आंधळ्या माणसाला कोरडें अंथरूण देणें अशक्य नव्हतें. आणि हा प्रश्न टेक्ससपुरताच आहे असें समजून आपणहि निश्चिंत होऊं नये. आगगाडींत, देवळाच्या पायरीवर, बाजाराच्या तोंडाशीं कोणी गात असतां आपण पेल्यांत पैसा टाकतों तो बहुधा त्यानें गाणें थांबवावें म्हणून! गाणें ऐकावयास उभे राहणारे किती?

परंतु केवळ शरमेवर हें भाषण संपविलें, तर तो जॉन्सनवर अन्याय होईल. कारण त्यानें स्वतः तसें केलेलें नाहीं. त्याच्या तीस गाण्यांत कोठेंहि सावत्र आईवर राग नाहीं, गोऱ्या मालकावर शिव्याशाप नाहींत. आहे तो एकच प्रश्न, आणि तो त्यानें अटलांटाच्या शेवटच्या बैठकींत एका गाण्यांत सरळच विचारला आहे: माणसाचा आत्मा म्हणजे आहे तरी काय? पुष्कळ देश फिरलों, पुष्कळांना विचारलें, उत्तर मिळालें नाहीं, असा त्या गाण्याचा भाव. ज्याला जन्मभर इतरांनीं हात, पाय आणि वर्ण एवढेंच समजून वागविलें, त्यानें हा प्रश्न विचारावा, यांत त्याची सगळी थोरवी आली.

पहिलें व्हॉयेजर २०१२ च्या ऑगस्टमध्यें सूर्याच्या वाऱ्याचा प्रदेश ओलांडून ताऱ्यांमधील अवकाशांत गेलें. दुसरें २०१८ च्या नोव्हेंबरमध्यें. एखाद्या दुसऱ्या ताऱ्याच्या आसपास जावयास त्यांना सुमारें चाळीस हजार वर्षें लागतील. तेथें ना दिवस आहे ना रात्र. काळोख मात्र आहे, आणि गारठाहि. त्या काळोखांत त्या तबकडीवर तीन शेजारी जवळजवळ आहेत. शेवटीं आहे तो बहिऱ्या बीथोव्हेनच्या चार तंतुवाद्यांचा संथ विलाप. मध्यें आंधळा जॉन्सन. आणि त्याच्या आधीं आपल्या केसरबाई. पहिलें व्हॉयेजर ५ सप्टेंबर १९७७ रोजीं निघालें, आणि केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. आपल्या आवाजाला अकराच दिवस आधीं पुढें पाठवून त्या निघाल्या.

आपल्या मैफलींत भैरवी झाली म्हणजे गाणें संपलें. तिच्यानंतर कांहीं गावयाचें नसतें. तंबोरे गवसणींत जातात, मंडळी उठतात. पण त्या तबकडीवर भैरवी संपते, क्षणभर शांतता होते, आणि मग कोणी तरी एक तार छेडतो व ओठ मिटून गुणगुणूं लागतो. आपण उठण्याची घाई करूं नये. शेजारी गातो आहे. तो काय म्हणतो तें समजावयास त्याची भाषा शिकावी लागत नाहीं, कारण त्यानें एकहि शब्द उच्चारलेला नाहीं. तेवढा वेळ बसून ऐकावें, इतकीच विनंति करून मी आपली रजा घेतों.